कोर्लईच्या वाटेची आखणी

आमच्या अँटॉप हिलच्या मराठी भाषिक ख्रिस्ती मंडळाने यंदा एखाद्या गडावर पदयात्रा काढावी, हे ईस्टरनंतरच्या पहिल्याच बैठकीत एकमताने ठरले. कोणता गड, हे ठरावयास मात्र गणेशोत्सव उजाडला. मधल्या पाच महिन्यांत आमच्या ज्या बैठका झाल्या, त्यांत चढउताराची चर्चा थोडी आणि इतर चर्चाच फार झाली. त्या इतर चर्चेविषयी लिहावे असे वाटले, म्हणून हा लेखप्रपंच.

अँटॉप हिल म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे टेकडी येत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत येते, वडाळ्याकडची मिठागरे येतात, शेख मिस्रींचा दर्गा येतो. अंतोबा नावाच्या कोणा जुन्या जमीनमालकावरून या टेकडीला नाव पडले असे सांगतात. अंतोबा गेला, त्याची जमीन गेली, टेकडीही इमारतींआड गेली. नाव तेवढे इंग्रजी वळणाचे होऊन राहिले. या टेकडीभोवती आम्ही मराठी कॅथलिक मंडळी तीन वाटांनी येऊन स्थिरावलो. काही वसईची, काही सावंतवाडी-मालवणकडची आणि काही संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या बाजूची. म्हणजे कालपर्यंतच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली. मिस्सा एकच, पण नाताळच्या फराळाची ताटे तीन तऱ्हेची. एकाच्या घरी वडे, दुसऱ्याच्या घरी नेवऱ्या, तिसऱ्याच्या घरी शेवया आणि करंज्या. गडाच्या प्रश्नावरही हेच झाले.

तरुण मंडळींचा ओढा राजगडाकडे होता. २०२५च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात त्या बारांची नावे फिरत होती. राजगड नाही तर निदान लोहगड तरी, असा त्यांचा आग्रह. आमच्यातले एक हिशेबी गृहस्थ कर्नाळ्याच्या बाजूचे होते. गुरु तेग बहादूर नगर स्थानकावर हार्बरच्या गाडीत बसावे आणि थेट पनवेलला उतरावे. पुढे कर्नाळा जेमतेम बारा किलोमीटर. शिवाय पक्ष्यांचे अभयारण्य. शिवाय कर्नाळाही १५४०च्या सुमारास काही काळ पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, ही पुस्ती त्यांनी का जोडली हे त्या वेळी आम्हांला कळले नाही. सुळक्यावरच्या आग्या मोहोळांची आठवण एका मावशींनी करून दिली आणि कर्नाळा मागे पडला.

मग एका मुलाने मनातली गोष्ट बाहेर काढली. दोन वर्षांपूर्वी आमची पाचसहा मुले सह्याद्रीतल्या एका गडावर गेली होती. माचीवर विसाव्याला बसली असता शेजारच्या टोळीतल्या एकाने याच्या गळ्यातला क्रूस पाहिला आणि सहज विचारले, “तुम्ही ख्रिश्चन ना? मग तुमचा या गडांशी काय संबंध?” विचारणाऱ्याच्या मनात द्वेष नव्हता. त्याने पाठोपाठ डब्यातली चटणी-भाकरीही पुढे केली होती. परंतु प्रश्न रुतून बसला. मुलगा बैठकीत म्हणाला, “या वेळी असा गड निवडा, जिथे आपल्याला कोणी असं विचारणार नाही.”

बैठक गप्प झाली. त्या शांततेत वसईच्या एका शिक्षिकेने कोर्लईचे नाव घेतले.

कोर्लई म्हणजे अलिबागच्या दक्षिणेस, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड. उंची शंभर मीटरच्याही आत. सराईत गिर्यारोहक त्याला गड म्हणावयास कदाचित तयार होणार नाही. पण तीन बाजूंनी पाणी, अरुंद लांबलचक माथा, त्यावर आडव्या भिंतींनी एकामागून एक अडविलेली दारे, आणि माथ्यावर छप्पर उडालेल्या ख्रिस्तमंदिराच्या भिंती. “तिथे आपलंच देऊळ आहे,” बाई म्हणाल्या. “तिथे कोण विचारणार?”

तेवढ्यात नगरकडचे आमचे निवृत्त टपाल कर्मचारी, ज्यांना आम्ही सारेच बाबा म्हणतो, खुर्चीवरून जरा पुढे सरकले. “आपलं देऊळ की पोर्तुगीजांचं?” एवढेच त्यांनी विचारले. त्या प्रश्नाने आमच्या पुढच्या तीन बैठका खाल्ल्या.

मराठी कॅथलिक माणसाची एक गंमत आहे. शिवरायांच्या गडावर गेला तर त्याला परका समजणारा एखादा भेटतो. आणि पोर्तुगीजांच्या किल्ल्यावर गेला तर “हा तुमचाच” असे म्हणणारे दहा भेटतात. दोन्हीकडे त्याच्या वतीने दुसराच कोणी बोलत असतो. यावर आमच्या बैठकीत चिडून बोलणारे होते, हसण्यावारी नेणारे होते आणि “इतिहास राहू द्या, जेवणाचं ठरवा” म्हणणारेही होते. शेवटी फादरांनी सुचविले की, कोर्लईचा इतिहास कोणी तरी वाचून यावा आणि मगच मत द्यावे. बाबांनी ते काम अंगावर घेतले. जुने कुलाबा गॅझेटियर आणि जे. गर्सन द कुन्हा यांचा चौल-वसईवरील १८७६चा ग्रंथ त्यांनी ग्रंथालयात बसून चाळला, आणि पुढच्या बैठकीस ते एक शाळकरी वही घेऊन आले.

वहीत काय होते ते थोडक्यात सांगतो. चौल हे निजामशाहीचे मोठे बंदर. १५२१च्या सुमारास पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने तेथे, म्हणजे आजच्या रेवदंड्यास, पोर्तुगीजांना वखार-कोट बांधू दिला. समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर मात्र दोघांचाही डोळा होता. ज्याची तोफ त्या डोंगरावर, त्याची खाडी आणि त्याचे बंदर, इतका साधा हिशेब. सोळाव्या शतकाच्या मध्यास यावरून वाकडे आले, तेव्हा डोंगरावर दोघांपैकी कोणीच तटबंदी करू नये असा तोडगा निघाला. १५७०-७१ साली मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला, तो फसला. पुढे दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने जुना करार बाजूस सारून डोंगरावर भक्कम किल्ला उभारला आणि तेथून चौलवर तोफा डागल्या. १५९४च्या सप्टेंबरात पोर्तुगीजांनी खाडी ओलांडून त्या किल्ल्यावर हल्ला चढविला. पळत्या सैन्याला दार लावून घेता आले नाही, कारण जखमी हत्ती दारातच आडवा पडला, असे सांगतात. आत जी कत्तल झाली तीत माणसे हजारांनी मेली. किल्ल्याचा सरदार फर्हादखान कैद झाला. वर्षभरात बुऱ्हाण निजामशहाही वारला आणि मोगल नगरच्या तटाशी आले. तेव्हा जी चांदबिबी तटावर उभी राहिली, ती याच बुऱ्हाणची बहीण. कोर्लई पोर्तुगीजांनी आपल्या पद्धतीने पुन्हा बांधून घेतला आणि जवळजवळ दीडशे वर्षे राखला. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्याच मोहिमेच्या ओघात सुभानराव माणकर कोर्लईवर चालून गेले, आणि १७४०च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले.

बाबांनी वही मिटली आणि चष्मा काढून म्हणाले, “म्हणजे बघा, १५९४ला त्या दारात जे मेले ते माझ्या मुलखातले. निजामशहाच्या फौजेत गडी कुठून येत होते? नगरच्याच खेड्यांतून की. आम्ही ख्रिस्ती झालो ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, जेजुइट फादर आले तेव्हा. पोर्तुगीज आमचे कोणीच नव्हते. या किल्ल्यावर मी हरलेल्यांच्या बाजूचा!”

हे ऐकून आधी हशा पिकला. मग हळूहळू हसू ओसरले. वसईच्या शिक्षिका म्हणाल्या की, त्यांचे पूर्वज पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाले हे खरे; पण वसई पडली तेव्हा जे गलबतात बसून गोव्याला गेले त्यांत शेत कसणारी माणसे फारशी नसावीत, आणि मागे राहिलेल्यांची आपण लेकरे. सावंतवाडीच्या एका भाऊंनी आपल्या घराण्यात पेशव्यांच्या आरमारावर चाकरी केल्याची ऐकीव गोष्ट सांगितली. तिच्या खरेखोटेपणात आम्ही शिरलो नाही. आमच्या एका खोलीत, एकाच चहाच्या किटलीभोवती, त्या किल्ल्याच्या तिन्ही बाजू बसल्या होत्या, आणि तिघांचीही प्रार्थना मराठीत होती. ज्या मुलाला “तुमचा काय संबंध” म्हणून विचारले गेले होते, तो त्या दिवशी प्रथमच मोकळेपणाने बोलला. “मला वाटलं होतं कोर्लईला प्रश्नच येणार नाही,” तो म्हणाला, “इथे तर राजगडापेक्षा जास्त आहेत.” आणि त्यानेच कोर्लईच्या बाजूने हात वर केला. गड ठरला.

गड ठरल्यावर मिस्सेचा प्रश्न आला. माथ्यावरच्या पडक्या मंदिरात मिस्सा अर्पण करावी, वेदीच्या जागी क्रूस रोवावा, अशी काही उत्साही मंडळींची फार इच्छा होती. भावना समजण्याजोगी आहे. पण तो किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील आहे. तेथे काही रोवणे तर दूरच, परवानगीवाचून सोहळा करणेही बरे नव्हे. फादरांनी याहून वेगळी गोष्ट पुढे ठेवली. माथ्यावर आपल्या पडक्या मंदिराजवळच महादेवाचे एक लहान देऊळ आणि तुळशीवृंदावन आहे. ज्या दिवशी आपण तेथे क्रूस रोवू, त्या दिवसापासून ती जागा भांडणाची होईल, आणि आपण परत अँटॉप हिलला आल्यावर ते भांडण खाली गावात राहणाऱ्या आपल्या बांधवांना निस्तरावे लागेल. “पाहुण्यानं यजमानाच्या अंगणात विस्तव ठेवून जाऊ नये,” असे ते म्हणाले. आमच्या मते त्या दिवसाचा हा सर्वांत शहाणा शब्द होता, जरी दोनतीन मंडळी नाराज होऊन गेली आणि त्यांपैकी एकाने अजून आपले नाव दिलेले नाही.

तेव्हा मिस्सा खालच्या गावात, माउंट कार्मेलच्या ख्रिस्तमंदिरात, गावकऱ्यांबरोबर. यात आणखी एक लाभ होता. कोर्लईस जाऊन नुसता किल्ला पाहून परतणे म्हणजे ताट सोडून पत्रावळ चाटणे. खरे नवल खाली राहते. १७४०मध्ये पोर्तुगीज अंमलदार गेले. गरीब ख्रिस्ती माणसे राहिली. पोर्तुगीजांची सत्ता गेली, गोव्याशी येणेजाणे विरळ झाले, पण त्या माणसांच्या तोंडी बसलेली पोर्तुगीजची बोली गेली नाही. पावणेतीनशेहून अधिक वर्षे उलटली तरी हजारभर माणसे आजही ती घरात बोलतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषापंडितांनी तिच्यावर १९९६ साली सबंध ग्रंथ लिहिला. त्यांनी दाखविलेली एक गोष्ट आम्हांला फार आवडली. शब्द पोर्तुगीज वळणाचे राहिले, पण वाक्याची ठेवण हळूहळू मराठीसारखी होत गेली आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसले. शेजाऱ्याच्या सहवासाने माणूस कसा बदलतो याचा याहून नेमका दाखला कोणत्या दगडावर कोरलेला सापडणार? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तेथील उपासना मराठीतून होऊ लागली. मुले मराठीतून शिकली. घरी एक भाषा, देवापुढे दुसरी, आणि दोन्ही आपल्याच. त्या गावाला “तुम्ही कोणाचे” असे विचारावे तरी कसे!

येथे एक सूचना आम्ही आमच्याच मंडळींना लेखी दिली आहे, ती वाचकांसही सांगतो. गावातील वृद्धांना गाठून “जरा पोर्तुगीज बोलून दाखवा” असे कोणी म्हणू नये. ती त्यांची चूलबोली आहे, जत्रेतला खेळ नव्हे. ओळख झाली, चहा झाला आणि त्यांनी आपण होऊन बोलले, तर कान देऊन ऐकावे.

दिवस कोणता धरावा? कार्मेलमातेचा सण १६ जुलैला येतो. तोच दिवस साधावा असे भगिनी मंडळाचे म्हणणे होते. परंतु जुलैत कातळ शेवाळलेला, गवत कमरेइतके, वारा तटावरून माणूस ढकलील असा, आणि मांडव्याच्या लाँची बंद. तोवर जुलैही उलटून गेला होता, हा मुद्दा चर्चेत बराच उशिरा कोणाच्या तरी ध्यानी आला. ऑक्टोबरचा उकाडा टाळून नोव्हेंबर निवडला. नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा महिना. २ तारखेस आपण कबरस्तानात मेणबत्त्या लावतो, महिनाभर मिस्सेत आपापल्या माणसांची नावे वाचतो. बाबांनी फादरांना विचारले, “माझ्या यादीत १५९४ची नावं घालता येतील का? नावं मला ठाऊक नाहीत.” फादरांनी कागद घेतला आणि लिहिले, “कोर्लईच्या दारात दोन्ही बाजूंनी पडलेले सर्व.” गावच्या मिस्सेत हे वाचले जाईल. माथ्यावर आम्ही काही म्हणणार नाही, काही लावणार नाही. मंदिराच्या भिंतींशी पाच मिनिटे उगी उभे राहू आणि पुढे चालू लागू. अनोळखी शत्रूंसाठी, तेही बिगर-ख्रिस्ती, अशी प्रार्थना करावी का, असे एकाने विचारले. त्याला उत्तर देण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. प्रभूने डोंगरावरच शत्रूंविषयी काय सांगितले, हे तो स्वतःच मुलांना धर्मशिक्षणाच्या तासाला शिकवितो.

बाकीची आखणी त्या मानाने सोपी. ज्येष्ठांना भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने जावयाचे होते. त्यांच्या तरुणपणाची ती वाट. पण परतीची वेळ हुकली तर पन्नासएक माणसे घेऊन रात्री कोठे राहावे? म्हणून बस. शिवडी आमच्या उशाशी. २०२४च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाल्यापासून खाडीपलीकडे उतरावयास बस पूर्वीसारखी वाशीपर्यंत जात नाही. वडखळला कोंडी लागणारच, हे गृहीत धरून पहाटे साडेपाचला निघावयाचे. कोर्लईत थेट दीपगृहापर्यंत गाडीरस्ता आहे आणि तेथून पायऱ्या चढत वर. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी दीपगृहापाशी समुद्र पाहत बसावे, त्यांच्यासोबत दोघे थांबतील. तटाच्या कडेवर फोटोसाठी चढणाऱ्याचा मोबाईल जप्त होईल. दरडोई दोन लिटर पाणी घरून. वरच्या टाक्यातील पाणी कोणी तोंडास लावू नये, आणि पोहण्यासाठी तर त्याकडे पाहूही नये. दरवर्षी अशा टाक्यांत आणि डोहांत कोवळी पोरे जातात, आणि दुसऱ्याच्या आईने आपल्या भरवशावर सोडलेले पोर मोजून परत आणणे, याहून गडावर दुसरे मोठे काम नाही. दर पाच मुलांमागे एक मोठा माणूस नेमला आहे; मोजणी बसमध्ये, चर्चच्या दारात, माथ्यावर आणि पुन्हा बसमध्ये, अशी चारदा.

सराव म्हणून मागच्या तीन रविवारी संध्याकाळी आम्ही शीवच्या किल्ल्यावर जाऊन आलो. सतराव्या शतकात, गव्हर्नर ऑन्जियरच्या कारकिर्दीत इंग्रजांनी बांधलेली ती चौकी. अलीकडे परळचे बेट इंग्रजांचे, पलीकडे साष्टी पोर्तुगीजांची. आता दोन्हीकडे गाड्यांचे दिवेच दिवे. बाबा तिन्ही वेळा वर आले, दोन ठिकाणी टेकून. दीपगृहापाशी थांबणाऱ्यांच्या यादीत घातलेले आपले नाव त्यांनी स्वतःच्या हाताने खोडले आहे.

बसमध्ये एक जागा उरली होती. ती क्रूसवाल्या मुलाने आपल्या शाळासोबत्यासाठी मागितली. तो दर्ग्याच्या गल्लीत राहतो आणि त्याला किल्ल्यांचा छंद आहे. नाव लिहून देताना त्याने बाबांची वही चाळली आणि विचारले, “बाबा, हा फर्हादखान म्हणजे तुमच्याकडचा ना?”

“माझ्याकडचाच,” बाबा म्हणाले. “तू खिडकीपाशी बस, वाटेत सांगतो.”